शोधयंत्राचा कौल

लोणारचें सरोवर किती जुनें आहे, असा प्रश्न आज कोणीं विचारला तर त्यास दोन उत्तरें मिळण्याचा संभव असतो. एक उत्तर सुमारें ५२ हजार वर्षें असें, आणि दुसरें सुमारें ५ लाख ७० हजार वर्षें असें. पहिला आंकडा विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत, तापविलेल्या खनिजांतून निघणारा मंद प्रकाश मोजण्याच्या पद्धतीनें काढलेला आहे. दुसरा २०११ च्या सुमारास आर्गॉन वायूच्या मोजणीवरून काढलेला असून त्यांत ४७ हजार वर्षें इकडे किंवा तिकडे होऊं शकतात असें संशोधकांनींच नमूद केलेलें आहे. काळ्या बेसाल्टाच्या कातळांत सुमारें १.८ किलोमीटर रुंदीचें हें विवर आकाशांतून आलेल्या अशनीच्या आघातानें झालें, ह्याविषयीं आतां शास्त्रज्ञांत वाद राहिलेला नाहीं. वयाच्या बाबतींत मात्र दोन आंकड्यांत दहापटींहून अधिक अंतर पडतें. बुलडाणा जिल्ह्यांतील एखाद्या शाळेंतला मुलगा आपल्या वहींत ह्यांपैकीं कोणता आंकडा उतरून घेईल, हें पुष्कळदां त्याच्या गुरुजींवर अवलंबून नसतें. मोबाईलच्या पडद्यावर कोणतें पान आधीं दिसतें, ह्यावर अवलंबून असतें.

पानांचा हा क्रम लावणारें जें यंत्र, त्यास शोधयंत्र असें म्हणतात. अशीं यंत्रें अनेक आहेत. परंतु भारतांत दहांपैकीं नऊंहून अधिक प्रश्न एकट्या गूगलकडे जातात, म्हणून येथें त्याचेंच विवेचन पुरेसें आहे. ह्या यंत्राचा क्रम कांहीं कायमचा नसतो. क्रम लावण्याचे नियम कंपनीचे अभियंते सतत बदलीत असतात. एकट्या २०२२ सालीं असे चार हजारांहून अधिक लहानमोठे बदल झाले, असें कंपनीनेंच प्रसिद्ध केलें आहे. त्यांतील बहुतेक कोणाच्या ध्यानांतही येत नाहींत. परंतु वर्षांतून दोनचार वेळां मूळ नियमांतच मोठा फेरबदल होतो, आणि तो झाला म्हणजे ज्या संकेतस्थळावर काल हजार वाचक येत होते तेथें आज शंभरच आले, असा प्रकार घडतो. मालकानें तर मधल्या काळांत एक अक्षरही बदललेलें नसतें! मग हें झालें कसें, असा प्रश्न त्यास पडतो आणि तो रास्तही आहे.

खामगांवच्या कापूसबाजाराचें उदाहरण येथें उपयोगी पडेल. एकोणिसाव्या शतकापासून वऱ्हाडांतील कापसाची ही नामांकित पेठ. कापसाची प्रत ठरवितांना धाग्याची लांबी, कचरा आणि ओलावा हीं पाहिलीं जातात. सरकारी कापूस महामंडळाच्या खरेदींत ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असला तर पुरा हमीभाव मिळतो, त्याहून वाढला तर भाव कापला जातो, आणि १२ टक्क्यांच्या वर गेला तर गाडी परत न्यावी लागते. आतां समजा, उद्यां ही ८ टक्क्यांची मर्यादा ६ टक्क्यांवर आणिली. शेतकऱ्याचा कापूस तोच, गाडी तीच, परंतु भाव मात्र उतरला. ह्यांत शेतकऱ्यास कोणीं शिक्षा केली नाहीं. मोजण्याचें माप तेवढें बदललें. शोधयंत्राच्या मोठ्या फेरबदलांत बहुधा असेंच घडतें. एखादें पान खालीं गेलें म्हणजे तें वाईट ठरलें असें नव्हे. दुसरीं कांहीं पानें नव्या मापानें सरस ठरलीं, एवढाच त्याचा अर्थ असतो. खरोखरीची शिक्षा निराळी असते, आणि ती लबाडीबद्दल होते. तिचा विचार पुढें येईल.

माप कसें बदलतें हें कळण्यासाठीं यंत्राचें काम थोडें समजून घेतलें पाहिजे. तें तीन टप्प्यांत चालतें. पहिल्या टप्प्यांत यंत्राचे हेर, म्हणजे त्यासाठींच लिहिलेले संगणकीय कार्यक्रम, एका पानावरील दुव्यावरून दुसऱ्या पानावर असे अहोरात्र हिंडत असतात आणि सांपडेल तें पान वाचून नेतात. दुसऱ्या टप्प्यांत त्या पानांची सूची तयार होते. जाड ग्रंथाच्या शेवटीं कोणता शब्द कोणत्या पृष्ठावर आला आहे ह्याची यादी असते, तशीच ही सूची, परंतु अब्जावधि पानांची. तिसरा टप्पा क्रम लावण्याचा. पुष्कळांची अशी समजूत असते कीं प्रश्न विचारतांच यंत्र साऱ्या जगांत धांव घेऊन उत्तर शोधून आणतें. तसें नाहीं. तें फक्त आपल्या घरची सूची चाळतें. म्हणून आज लिहिलेलें पान, हेर तेथें येऊन जाईपर्यंत, यंत्राच्या लेखीं अस्तित्वांतच नसतें.

मराठीची पहिली अडचण ह्या दुसऱ्या टप्प्यावरच झाली. इंटरनेटच्या आरंभीच्या काळांत मराठी वर्तमानपत्रें व संकेतस्थळें आपापले स्वतंत्र टंक वापरीत. वाचणाऱ्यास पडद्यावर देवनागरी अक्षरें दिसत. परंतु त्यांच्या मागें संगणकांत सांठविलेलीं चिन्हें रोमन लिपीचीं असत. हेरानें तें पान वाचलें म्हणजे त्याच्या हातीं अर्थहीन रोमन अक्षरांची रांग लागे. ‘सरोवर’ हा शब्द पानावर दहा वेळां असूनही सूचींत एकदांही चढत नसे. सर्व लिप्यांस एकच संकेत देणाऱ्या युनिकोड पद्धतींत देवनागरीस १९९१ पासूनच स्थान होतें, परंतु मराठी छापणारांनीं तिचा अंगीकार करावयास पुष्कळ वर्षें लाविलीं. त्या वर्षांतील कितीतरी मराठी मजकूर कोणत्याच क्रमांत आला नाहीं, कारण तो सूचींतच आला नाहीं. नियम कोणताही असो, जें वाचतांच येत नाहीं त्यास क्रमांक मिळणार कोठून? आजही कागदाचें छायाचित्र काढून तें तसेंच संकेतस्थळावर ठेवण्याची संवय अनेक कचेऱ्यांस आहे. चित्रांतील अक्षरें ओळखण्याची कला यंत्रांस आतां बरीच अवगत झाली आहे हें खरें. परंतु जुन्या, पुसट छपाईच्या मराठी जोडाक्षरांपुढें ती अद्यापि अडखळते.

आतां क्रमाकडे वळूं. गूगलची मूळ कल्पना अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत लॅरी पेज आणि सर्गी ब्रिन ह्या दोन विद्यार्थ्यांनीं काढली, आणि १९९८ सालीं कंपनी स्थापन झाली. त्यापूर्वींचीं यंत्रें मुख्यतः पानावर शब्द किती वेळां आला तें मोजीत. ह्या दोघांनीं असा विचार केला कीं, एका पानानें दुसऱ्या पानाकडे दुवा दिला म्हणजे त्यानें त्याच्या बाजूनें मत दिलें असें समजावें. आणि सर्व मतें सारखीं न धरितां, ज्यास स्वतःस पुष्कळ मतें आहेत त्याचें मत अधिक वजनदार धरावें. शिफारसपत्राचें मोल सही कोणाची आहे ह्यावर ठरतें, तसेंच हें. ही कल्पना इतकी सरस ठरली कीं थोड्याच वर्षांत जुनीं यंत्रें मागें पडलीं.

परंतु जेथें मतास किंमत आली तेथें मतांचा बाजारही आला. दुवे विकले जाऊं लागले. पानाच्या तळाशीं, पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्याच अक्षरांत, तोच शब्द शेंकडों वेळां लिहून ठेवण्याच्या युक्त्या निघाल्या. माणसास तीं अक्षरें दिसत नसत, यंत्रास मात्र दिसत. २००३ च्या नोव्हेंबरांत गूगलनें ह्या शब्दभरतीवर पहिला मोठा घाव घातला. त्या फेरबदलास लोकांनीं फ्लोरिडा असें नांव दिलें, आणि ऐन नाताळच्या खरेदीच्या तोंडावर अनेक लहान दुकानदारांचीं पानें दिसेनाशीं झाल्यामुळें त्या वेळीं मोठी ओरड झाली.

त्यानंतरचा अत्यंत महत्त्वाचा फेरबदल फेब्रुवारी २०११ मधील होय. नवनीत पांडा ह्या अभियंत्याच्या नांवावरून तो पांडा म्हणून ओळखला जातो. त्या काळीं कांहीं कंपन्यांनीं लेखांचे कारखानेच काढिले होते. लोक काय विचारतात तें पाहावें, आणि त्या त्या प्रश्नावर स्वस्तांत लिहून घेतलेलें एकेक उथळ पान चढवून द्यावें, असा त्यांचा धंदा होता. पांडानें असें ठरविलें कीं एकेका पानाकडे सुटें न पाहतां साऱ्या संकेतस्थळाचा दर्जा पाहावा, आणि बरीचशीं पानें भिकार असतील तर त्याचा भार चांगल्या पानांवरही पडावा. अमेरिकेंतील जवळजवळ १२ टक्के प्रश्नांचीं उत्तरें ह्या एका फटक्यांत बदललीं. त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें चिनी, जपानी व कोरियन वगळून इतर बहुतेक भाषांस तो लागू झाला, म्हणजे मराठीसही झाला.

ह्या फेरबदलाचें मर्म लोणारच्या उदाहरणानें अधिक स्पष्ट होईल. समजा, एका संकेतस्थळावर ‘लोणार सरोवराची माहिती’, ‘लोणार सरोवर निबंध’ आणि ‘लोणार सरोवराविषयीं दहा ओळी’ अशीं तीन पानें आहेत, आणि तिहींत तींच वाक्यें मागेंपुढें करून लिहिलेलीं आहेत. लिहिणारा लोणारास कधीं गेलेला नाहीं. त्यानें तीं वाक्यें दुसऱ्या पानावरून उचललीं, त्या दुसऱ्यानें तिसऱ्यावरून. ५२ हजारांचा आंकडा असाच पानोपानीं फिरत राहतो. शंभर पानांनीं एकच आंकडा दिला म्हणजे शंभर साक्षीदार मिळाले असें होत नाहीं. साक्षीदार एकच, बाकीचे नव्व्याण्णव त्याचे प्रतिध्वनि. मतें मोजणाऱ्या यंत्रास हा भेद प्रथम कळत नव्हता. तो कळावा ह्यासाठींच पांडापासूनची सारी खटपट चाललेली आहे, असें म्हटलें तर तें अतिशयोक्तीचें होणार नाहीं. ती पुरती साधली आहे असें मात्र म्हणवत नाहीं.

२०१२ च्या एप्रिलांत पेंग्विन नांवाचा फेरबदल आला. त्याचा रोख विकत घेतलेल्या दुव्यांवर होता, आणि येथें खरोखरीच शिक्षेचा भाग होता. पैसे देऊन मिळविलेलीं मतें आतां उलटून त्याच संकेतस्थळास खालीं ओढूं लागलीं. जे लोक काल दुवे विकत घेत होते, तेच आज ‘आमचा दुवा काढा हो’ म्हणून विनवीत फिरूं लागले.

यंत्रास शब्दांपलीकडचा अर्थ कळावा हा प्रयत्न २०१३ पासून वाढीस लागला. त्या वर्षीच्या हमिंगबर्ड ह्या फेरबदलानें सुटे शब्द न जुळवितां सबंध प्रश्नाचा रोख ओळखण्याचा आरंभ केला. मराठीच्या दृष्टीनें त्याहून मोठी गोष्ट डिसेंबर २०१९ मध्यें घडली. बर्ट नांवाची, वाक्यांतील प्रत्येक शब्दाचा मागच्यापुढच्या शब्दांशीं संबंध लावणारी पद्धति इंग्रजीनंतर सत्तरांहून अधिक भाषांस लागू झाली, आणि त्या यादींत मराठी होती.

हिचें महत्त्व मराठी व्याकरण जाणणारास चटकन् पटेल. ‘शेगांवहून लोणारला’ आणि ‘लोणारहून शेगांवला’ ह्या दोन प्रश्नांत गांवें तींच आहेत. प्रवासी कोठून निघाला आणि कोठें जाणार, हें केवळ ‘हून’ आणि ‘ला’ हे प्रत्यय सांगतात. शेगांव हें मुंबई-हावडा लोहमार्गावरील स्थानक आहे आणि लोणारास आगगाडी नाहीं. तेव्हां पहिल्याचें उत्तर बसगाडीच्या वेळांचें, तर दुसऱ्याचें उत्तर पुढच्या आगगाडीच्याही विचारानें द्यावें लागेल. शब्द मोजणाऱ्या यंत्रास दोन्ही प्रश्न सारखेच. शिवाय मराठींत नामाचें रूप पालटतें. बुलडाणा हें बुलडाण्यास, बुलडाण्याहून, बुलडाण्यांतील असें बदलत जातें, आणि त्यांतच नांवाचे दोन पाठ आहेत. कोणी बुलडाणा असें ‘ड’नें लिहितात, कोणी बुलढाणा असें ‘ढ’नें. रोमन लिपींतही तोच घोळ. हीं सारीं रूपें एकाच जिल्ह्याचीं, हें ज्या यंत्रास कळत नाहीं तें ‘ड’नें लिहिणाऱ्याचें पान ‘ढ’नें विचारणाऱ्यास दाखवीत नाहीं. पूर्वी ह्यावर उपाय म्हणून मालक एकाच पानावर नांवाचीं सर्व रूपें कोंबून भरीत आणि वाक्यें विद्रूप करीत. तसें करण्याचें आतां कारण उरलेलें नाहीं. सरळ, शुद्ध मराठी लिहिलें तरी यंत्र पुष्कळसें समजून घेतें. भाषेच्या दृष्टीनें हा एक चांगला परिणाम म्हटला पाहिजे.

२०१८ हें साल मराठी संकेतस्थळांस दोन कारणांनीं महत्त्वाचें. त्या वर्षीं गूगलची जाहिरात-योजना मराठी पानांस खुली झाली, म्हणजे मराठी लिहून चार पैसे मिळूं लागले. त्यामुळें चांगलें लेखन वाढलें आणि नकलाही वाढल्या. आणि त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें एक मोठा फेरबदल झाला, त्याचा तडाखा विशेषेंकरून आरोग्यविषयक पानांस बसला; म्हणून लोकांनीं त्यास मेडिक असें टोपणनांव दिलें. आरोग्य, पैसा, कायदा अशा, चुकीच्या माहितीनें माणसाचें नुकसान होईल अशा, विषयांत लिहिणारा कोण, त्यास त्या विषयांतील अधिकार काय आणि तो विश्वासार्ह आहे कीं नाहीं, हें आतां अधिक कसून पाहिलें जातें. कंपनीनें नेमलेले हजारों परीक्षक पानें तपासून मत देतात. ते स्वतः कोणाचा क्रमांक बदलीत नाहींत, परंतु नवा नियम बरा कीं जुना, हें त्यांच्या मतांवरून ठरतें. त्यांच्या मार्गदर्शिकेंत २०२२ च्या डिसेंबरांत अधिकाराच्या जोडीस प्रत्यक्ष अनुभव हीही कसोटी घालण्यांत आली.

ही कसोटी किती बिकट असूं शकते ह्याचें उदाहरण दूर शोधावयास नको. २०२४ च्या अखेरीस आणि २०२५ च्या जानेवारींत शेगांव तालुक्यांतील बोंडगांव, काळवड, हिंगणा इत्यादि गांवांत एक विलक्षण प्रकार घडला. माणसांचे केस कांहीं दिवसांतच मुठीमुठीनें गळूं लागले. पुरुष, बायका, मुलें, कोणीही त्यांतून सुटलें नाहीं. प्रथम पाण्याचा संशय आला, आणि तपासणींत तेथील पाणी क्षारयुक्त व नायट्रेटयुक्त आढळलें. कोणास बुरशीचा संसर्ग वाटला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचें पथक येऊन नमुने घेऊन गेलें. पुढें, विंचूदंशावरील संशोधनामुळें प्रसिद्ध असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर ह्यांनीं गांवांत जाऊन तपास केला आणि स्वस्त धान्य दुकानांतून मिळालेल्या गव्हांत सेलेनियम ह्या मूलद्रव्याचें प्रमाण फार वाढलेलें असून तेंच केस गळण्याचें कारण आहे, असा निष्कर्ष फेब्रुवारींत मांडला.

आतां त्या दोन महिन्यांत एखाद्या घाबरलेल्या बाईनें ‘केस एकाएकीं कां गळतात’ असें मोबाईलला विचारलें असतें, तर यंत्रानें कोणतें पान वर ठेवावें? पहिल्या आठवड्यांतील पान पाणी म्हणणार, दुसऱ्यांतील बुरशी म्हणणार, शेवटचें गहूं म्हणणार. ताज्या बातमीस वरचें स्थान देण्याचा नियम गूगलनें २०११ च्या नोव्हेंबरांत केलेला आहे, आणि त्याचा परिणाम सुमारें ३५ टक्के प्रश्नांवर होतो असें त्या वेळीं सांगण्यांत आलें होतें. परंतु ताजें तें खरेंच असतें असें नाहीं. उलट अधिकारी वैद्यकीय संस्थांचीं पानें वर ठेवावीं, तर त्यांत केस गळण्याचीं सर्वसामान्य कारणें असणार. बोंडगांवचें नांवही नसणार. आणि ह्या दोहोंच्या मधल्या फटींतून तेल विकणारा आपलें पान पुढें सरकवूं पाहतो. सेलेनियमचें कारण पुढें आल्यावरही ‘पाण्यानें केस गळाले’ असें ठासून सांगणारें जुनें पान, त्याकडे दुवे पुष्कळ असल्यास, आपली जागा लवकर सोडीत नाहीं. जो लेखक अशा वेळीं पानाच्या माथ्यावर तारीख घालतो, कोणीं काय तपासलें आणि काय तपासावयाचें राहिलें तें सांगतो, आणि नवी माहिती येतांच तेंच पान दुरुस्त करितो, त्याचें लेखन वाचकांसही उपयोगी आणि कोणत्याही फेरबदलांत टिकण्याचा संभव अधिक. केवळ तारीख बदलून मजकूर तसाच ठेवण्याची युक्ति मात्र कंपनीनें स्पष्टपणें निषिद्ध मानली आहे, आणि तें योग्यच आहे.

येथवर वाचून असें वाटेल कीं नियम दिवसेंदिवस न्याय्य होत आहेत. वस्तुस्थिति इतकी सरळ नाहीं. ऑगस्ट २०२२ मध्यें ‘उपयुक्त मजकूर’ ह्या नांवाचा एक फेरबदल आला. यंत्रासाठीं नव्हे तर माणसासाठीं लिहिलेल्या पानांस वर आणावें हा त्याचा जाहीर हेतु. त्या डिसेंबरांत तो सर्व भाषांस लागू झाला. परंतु सप्टेंबर २०२३ मधील त्याच्या पुढच्या आवृत्तीनंतर, स्वतः प्रवास करून, स्वतः छायाचित्रें काढून लिहिणारे अनेक लहान, स्वतंत्र लेखकही खालीं गेले, आणि त्यांच्या जागीं मोठमोठ्या नामांकित संकेतस्थळांचीं वरवरचीं पानें आलीं, अशी जगभर तक्रार झाली. तिच्यांत तथ्य होतें. यंत्रास नांवाचें वजन मोजतां येतें, अनुभवाचें मोजणें कठीण जातें. लोणारच्या कांठीं जन्म काढलेल्या एखाद्या शिक्षकानें तेथील पाण्याच्या पातळीवर लिहिलेलें पान आणि मुंबईच्या प्रवासी कंपनीनें ‘पाहण्यासारखीं दहा ठिकाणें’ म्हणून लिहिलेलें पान, ह्यांत पहिल्यास वर ठेवावें हें माणसास सांगावें लागत नाहीं. यंत्रास सांगावें लागतें, आणि सांगूनही तें नेहमीं ऐकतेंच असें नाहीं.

मार्च २०२४ मध्यें ही व्यवस्था वेगळी न ठेवितां मूळ नियमांत मिसळून टाकण्यांत आली. तो फेरबदल ५ मार्चला सुरू होऊन १९ एप्रिलपर्यंत, म्हणजे ४५ दिवस चालला. उथळ व उसना मजकूर ४५ टक्क्यांनीं घटला असा कंपनीचा दावा आहे. त्याच वेळीं तीन गोष्टी लबाडी म्हणून ठरविण्यांत आल्या. यंत्राकरवीं किंवा माणसांकरवीं, केवळ क्रमांकासाठीं, घाऊक पानें पाडणें ही एक. बंद पडलेल्या प्रतिष्ठित संकेतस्थळाचें नांव विकत घेऊन त्यावर भलताच माल भरणें ही दुसरी. आणि एखाद्या मोठ्या वृत्तपत्रानें आपल्या नांवाचा कोपरा परक्यास भाड्यानें देऊन तेथें सवलतीचीं कूपनें विकूं देणें ही तिसरी. ही तिसरी गोष्ट वाचून लहान लेखकांस थोडें समाधान वाटलें असल्यास नवल नाहीं.

फेरबदलाचा फटका बसल्यावर मालकानें काय करावें, ह्याविषयीं बाजारांत सल्ला पुष्कळ मिळतो आणि त्यांतला बराच निरुपयोगी असतो. लेख अमुक शब्दांचाच हवा, अमुक शब्द इतके वेळां यावा, अशीं सूत्रें सांगणारे भेटतात. शब्दसंख्येचा असा कोणताही नियम नाहीं हें गूगलनें लिहूनच ठेविलें आहे. पहिली गोष्ट, फेरबदल पुरा होईपर्यंत कांहीं करूं नये. तो पुरा झाल्यावर एक आठवडा जाऊं द्यावा, आणि मग गूगलच्याच सर्च कन्सोल ह्या विनामूल्य साधनावर आधींचा आठवडा व नंतरचा आठवडा ताडून पाहावा. दुसऱ्या क्रमांकावरून चौथ्यावर गेलेल्या पानासाठीं घर पाडून बांधण्याची गरज नसते. चौथ्यावरून एकोणतिसाव्यावर गेलें असेल तर विचार करावा; कोणत्या प्रश्नांवरचे वाचक गेले, त्या प्रश्नांवर आतां वर कोणतीं पानें आहेत आणि त्यांत असें काय आहे जें आपल्या पानांत नाहीं, हें पाहावें. मोबाईलवर पान नीट वाचतां येतें कीं नाहीं हेंही तपासावें, कारण एप्रिल २०१५ मध्यें ती स्वतंत्र कसोटी म्हणून आली आणि खेड्यांतील बहुतेक वाचक मोबाईलवरच वाचतो. सुधारणा केल्यावर फळ लगेच मिळत नाहीं. कधीं आठवडे, कधीं महिने, कधीं पुढचा फेरबदल येईपर्यंत वाट पाहावी लागते. परीक्षकाचा स्वभाव हेरून उत्तरें लिहिणारा विद्यार्थी परीक्षक बदलला म्हणजे जसा भांबावतो, तशी स्थिति नियमांच्याच मागें धांवणाऱ्या मालकाची वरचेवर होते.

अलीकडे मात्र क्रमाचा प्रश्नच निराळें रूप घेऊं लागला आहे. ऑगस्ट २०२४ पासून भारतांत, इंग्रजी व हिंदी प्रश्नांच्या बाबतींत, साऱ्या पानांच्या वर यंत्रानें स्वतःच रचलेलें चारसहा ओळींचें उत्तर दिसूं लागलें. अनेक पानांतील मजकूर एकत्र करून तें तयार होतें आणि शेजारीं मूळ पानांचे दुवे असतात. पुष्कळ वाचक तेवढ्यावरच समाधान मानून परततात. पहिला क्रमांक मिळूनही पान न उघडलेलें राहतें. जाहिरातींवर चालणाऱ्या संकेतस्थळांस हा बदल पूर्वींच्या कोणत्याही फेरबदलाहून जड जाण्याचा संभव आहे. जळगांव जामोद तालुक्यांतील भेंडवळ येथें दरवर्षीं अक्षय्य तृतीयेस घटमांडणी होते आणि दुसऱ्या दिवशीं पहांटे पाऊसपाण्याचें भाकीत सांगितलें जातें. त्या भाकितांत शास्त्र किती, हा प्रश्न वेगळा. परंतु ‘यंदा पाऊस कसा’ एवढेंच ज्यास हवें, त्याचें काम चार ओळींत भागतें. घटांत कोणकोणतीं धान्यें मांडलीं, मधल्या खड्ड्यांतील कोणती वस्तु कोणीकडे सरकली, कोणता दाणा कोठें सांपडला, आणि तेथें जमलेल्या शेतकऱ्यांनीं तें ऐकून पेरणीचा काय बेत केला, हें ज्यास वाचावयाचें आहे त्यास अजूनही त्या पहांटे भेंडवळच्या शेतांत उभें राहून लिहिणाऱ्याचेंच पान उघडावें लागतें.